चिलटाच्या पंखावरची फट

गौरी-गणपती गेले, मखराचे खांब माळ्यावर चढले, की आमच्या स्वयंपाकघरात दुसरे पाहुणे येतात. त्यांना आवाहन लागत नाही आणि विसर्जन तर माहीतच नाही. ओट्याच्या कोपऱ्यात केळ्यांची फणी असते, त्यातलं एखादं देठाशी काळं पडायला लागतं आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना दिसतं, की त्या केळ्यावर हवेचाच एक तुकडा थरथरतो आहे. चिलटं आली. भाद्रपद अर्धा सरला.

मी फडकं उचलतो, उगारतो आणि पुन्हा ओट्यावर ठेवतो.

"काय, पानं मांडू का त्यांची?" अनघा विचारते. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्या हातून चिलट मरत नाही हे तिला आता माहीत आहे, पण ती दर वर्षी विचारते आणि मी दर वर्षी चष्मा शोधतो.

चष्मा लावून मी केळ्याजवळ वाकतो. पिवळसर तपकिरी अंग, लाल डोळे, तिळापेक्षा लहान. मग आसामात जोरहाटला फोन लागतो. तिथं आमची एकुलती एक लेक केतकी चहाच्या मळ्यांतल्या माश्यांवर संशोधन करते.

"आली का बाबा?"

"आली."

"डोळे लाल?"

"लाल."

"मग आपलीच," ती म्हणते. जसं काही सुरतेहून आत्या आली आहे.

आमच्या घराण्याचा उतार मी कधीतरी कागदावर काढणार आहे. पणजोबा बडोदे सरकारच्या घोडदळात होते. आजोबा त्याच घोड्यांच्या चंदीचा हिशेब ठेवायचे. वडील शाळेत कवायत शिकवायचे, म्हणजे घोडा गेला आणि नुसतं दौडणं उरलं. मी इथं बडोद्यातच गोरव्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढली, आणि माझी मुलगी चिलटं पकडते. भिंतीवरच्या तसबिरीतले पणजोबा हे सगळं मिशीआडून पाहत असतात. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद या सगळ्यापेक्षा वेगळा होता. केतकी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यावर होती आणि तिचा प्रबंध होता आपल्या आसपासच्या बारीक माश्यांची घराणी पंखांवरून ओळखण्यावर. आठवड्यातून दोनदा ती डभोईची बस पकडायची. तिथल्या शेतांत काठ्यांना लावलेल्या पिवळ्या चिकट पट्ट्या सोडवून आणायची. संध्याकाळी घरात शिरायची तेव्हा चपलांना काळी माती, ओढणीला आघाडा आणि पिशवीत चिलटांनी भरलेल्या पट्ट्या. पावसानंतरच्या त्या उन्हाला एक वास असतो, ओल्या गवताचा आणि एरंडाच्या पानांचा. तो तिच्या मागोमाग दारातून आत यायचा आणि बराच वेळ दिवाणखान्यात रेंगाळायचा.

डभोई कमी पडली म्हणून तिनं घरही धुंडाळलं. कुंड्यांतून भुरभुर उडणारी काळी चिलटं घेतली. न्हाणीघराच्या फरशीवर बसणाऱ्या, पतंगाच्या पिलासारख्या केसाळ माश्या घेतल्या. आम्ही त्यांना इतकी वर्षं पाण्याच्या लोटाखाली वाहून टाकत होतो. स्पिरिटमधल्या कुप्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी बसल्या. "चुकून फोडणीत पडलं तर मी जबाबदार नाही," अनघा म्हणाली. त्या महिन्यात मोहरी आणि शहाजिरं घालताना ती डबी दोनदा वाचायची.

केतकीनं मला पहिल्यांदा पंख दाखवला तो दिवस मला चांगला आठवतो. सुईच्या टोकानं तिनं तो माशीपासून अलग केला, काचेच्या पट्टीवर थेंबभर द्रवात ठेवला आणि वर पातळ काच बसवली. नुसत्या डोळ्यांनी तिथं काहीच नव्हतं. काचेवर श्वास पडून गेल्यासारखं जरासं धूसर, एवढंच. तिनं त्याचा सूक्ष्मदर्शकातून घेतलेला, पानभर मोठा केलेला फोटो माझ्यापुढे ठेवला आणि मी खुर्चीत नीट बसलो. ते ड्रॉइंग होतं. कडेनं एक जाड रेघ, तिच्यातून निघालेल्या बारीक रेघा, मध्ये आडव्या जोडरेघा, त्यांनी पाडलेले कप्पे. कुणीतरी फार बारीक निबानं, एकदाही हात न थरथरता काढलेलं.

"या शिरा," ती म्हणाली. "यांवरून घराणं कळतं. न्हाणीघरातलीचा पंख बघा, सगळ्या शिरा फणीच्या दातांसारख्या टोकाकडे गेल्यात. कुंडीतलीची मधली शीर पुढं दुभंगून घंटेसारखी होते. आणि ही एक आहे, हिच्या जाड शिरा पुढच्या कडेलाच गोळा झाल्यात, मागं नुसत्या पुसट रेघा. ही उडण्यापेक्षा पळते जास्त."

"आपल्या मधूकाकासारखी," मी म्हणालो. ती हसली नाही. शास्त्रात मधूकाकाला जागा नव्हती.

ओळख पटवण्याची त्यांची एक रीत आहे. प्रश्नांची एक वही असते आणि प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. कडेची शीर सलग आहे की मध्ये तुटलेली? सलग असेल तर अमुक प्रश्नाकडे जा, तुटलेली असेल तर तमुक. असं एकेक वळण घेत गेलं की शेवटी घराण्याचं नाव येतं. पण एका वळणावर चुकलात तर पुढची सगळी वळणं बिनचूक घेऊनही भलत्याच दारात उभे राहता.

फोटोत पंखावरची लव, धूळ, घडी सगळंच येतं, म्हणून तिच्या मार्गदर्शक मॅडमना फोटोशेजारी शाईनं काढलेली स्वच्छ रेखाचित्रंही हवी होती. छत्तीस पंखांची. केतकीनं हे जेवताना सहज सांगितलं. मी आमटीचा भुरका अर्धवट सोडून तिच्याकडे पाहत राहिलो. कारखान्यात कॉम्प्युटर आले त्याला वीसेक वर्षं झाली होती, तेव्हापासून माझ्या हातची रेघ कुणी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पलंगामागून ड्रॉइंग बोर्ड ओढून काढला. कारखान्यानं भंगारात काढला तेव्हा मी तो रिक्षात घालून घरी आणला होता आणि त्यावरून महिनाभर बोलणी खाल्ली होती. शाईची पेनं गरम पाण्यात भिजवून मोकळी केली. ट्रेसिंग पेपरचा वास घेतला. अनघा दारातून बघत होती. "साखरपुड्याला तरी इतका नटला होतात का?" एवढंच म्हणून ती गेली.

त्या पंधरा दिवसांइतकं सुख मला नंतर फारसं मिळालं नाही. दुपारी खिडकीतून येणारा उजेड, बाहेर भिजलेल्या बदामाच्या झाडावर खारींची पळापळ, फोटोवर पसरलेला पारदर्शक कागद आणि त्यावरून सरकणारं पेन. आतल्या खोलीत केतकी काचपट्ट्यांवर चिठ्ठ्या डकवायची. आम्ही तासन्‌तास बोलायचो नाही. एकाच कामात दोन माणसं गप्प असतात त्या गप्प बसण्यालाही एक ऊब असते.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. काही पंखांची कडेची जाड शीर मध्येच तुटलेली दिसे. कुठं एका जागी, कुठं दोन. तिच्या आतून जाणारी एक बारीक शीर तर कडेपर्यंत पोचायच्या आधीच विरून जायची. मी भिंग लावून पाहिलं. फट होती खरी.

आता माझी घडण सांगायला हवी. मी गोरव्याला लागलो तेव्हा ड्रॉइंग तपासायला जशुभाई होते. तांबडी पेन्सिल, पांढरा सदरा, कपाळावर चष्मा. दोन रेघा जिथं भेटायच्या तिथं केसाएवढी जरी फट राहिली तरी त्यांची पेन्सिल तिथं गोल काढायची. "लीटी अधूरी ना मुकाय, भाई," ते म्हणायचे. "आमांथी वराळ निकळशे." अर्धी रेघ सोडायची नाही, या फटीतून वाफ बाहेर येईल. माझ्या पहिल्या ड्रॉइंगवर त्यांनी सतरा जागी वाफ काढली होती. त्यानंतर माझ्या हातून एकही रेघ दुसरीला भेटल्याशिवाय थांबली नाही.

म्हणून चिलटाच्या पंखावरची फट पाहिली आणि मला वाटलं, पोरीच्या सुईनं शीर तुटली. दोन मिलिमीटरचा पंख तो, तुटणारच. तिला सांगितलं तर ती हिरमुसेल, पुन्हा डभोईला जाईल. बापानं न बोलता जोडून दिलं तर कुणाला कळतंय? मी पेनात शाई भरली आणि शीर सलग केली. विरून गेलेली बारीक शीरही अलगद कडेला नेऊन भिडवली. फार सुरेख भिडली. असे जितके सापडले तितके पंख मी दुरुस्त केले आणि मनातल्या मनात जशुभाईंना नमस्कार केला.

केतकीनं चित्रं पाहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले. "बाबा, ही पुस्तकात छापण्यासारखी आहेत," ती म्हणाली. मला त्या वेळी तरी तिचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध वाटलं.

चित्रं द्यायला मी स्वतः फतेगंजला, तिच्या विद्यापीठात गेलो. गरज नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून, चित्रांची गुंडाळी नळीत घालून, केतकीला स्कूटरवर मागं बसवून गेलो. कौतुक ऐकायला माणूस बरोबर लागतो ना. मॅडम ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू लावलेल्या गुजराती नागर बाई होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पहिलं चित्र टेबलावर पसरलं आणि नाव लिहिलेल्या कोपऱ्यावर हात ठेवून झाकलं. "फक्त चित्र बघून नाव आलं पाहिजे," त्या हिंदीत म्हणाल्या आणि प्रश्नांची वही उघडली.

त्या वाचत गेल्या. कडेची शीर सलग? सलग. आतली शीर कडेला पोचते? पोचते. मी चहाचा घोट घेतला. मॅडमनी पान उलटलं, पुन्हा मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. मग चष्म्यावरून केतकीकडे पाहिलं.

"बेटा, आ माखी क्यांथी लावी?"

"आमच्या स्वयंपाकघरातून मॅडम. केळ्यावरची."

"आ चित्र प्रमाणे तो ए दरियाकिनारे रहे छे. सडेली शेवाळ पर." त्यांनी वही मिटली. "वडोदरामां दरियो क्यारे आव्यो?"

केतकीनं चित्रावर वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली लावली, स्वतः पाहिली आणि बाजूला सरकली. "बाबा, बघा."

मी डोळा लावला. फोटोत न दिसणारी एक गोष्ट तिथं दिसत होती. फटीच्या दोन्ही बाजूंची टोकं तुटल्यासारखी खडबडीत नव्हती. ती गोलसर होती, आपापल्या जागी संपलेली. सुईनं असं तुटत नाही. हे वाढतानाच असं वाढलेलं होतं. पंख उडताना तिथं लवतो, मॅडमनी नंतर समजावलं. फट असते म्हणून त्याला वाकता येतं. फट एक की दोन, यावर दोन मोठी घराणी वेगळी होतात. एक फट, म्हणजे आपल्या डोळ्यांपुढं घोंघावणारं ते चावट चिलट. दोन फटी, म्हणजे केळ्यावरचं. आणि मी दोघांनाही शाईनं शिवून समुद्रावर पाठवलं होतं.

"ते मोडलेलं नव्हतं बाबा," केतकी अगदी हळू म्हणाली. "ते तसंच असतं."

"किती चित्रांत केलंय?" मॅडमनी विचारलं.

मला सांगता येईना. मी दुरुस्त्यांची कुठं नोंद केली नव्हती. उपकार कुणी लिहून ठेवतं का? म्हणजे छत्तीसच्या छत्तीस चित्रं पुन्हा काचपट्ट्यांशी ताडून बघणं आलं. चहावर साय आली होती. मी ती बोटानं काढत बसलो.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. तो वेळेत गेला तरच जोरहाटची जागा तिची होती. नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला मिळणार होती, तसं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र आलं त्या दिवसापासून केतकी घरात गुणगुणत फिरायची आणि मी मोबाईलवर नकाशा उघडून दोन बोटांनी देश लहान करून बघायचो, बडोदे आणि जोरहाट एकाच पडद्यावर यावेत म्हणून.

परतताना ती मागच्या सीटवर चित्रांची नळी धरून बसली होती. पुलावर सिग्नलला थांबलो. रस्त्याच्या कडेला नवरात्रीचे घागरे टांगलेले, आरशांची चमक आमच्या हेल्मेटवर हलत होती. तिथं ती म्हणाली, "तारीख चुकेल बहुतेक."

आणि त्या क्षणी मला हलकं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, अनघालाही नाही. एक क्षणच असेल. सिग्नल सुटायच्या आधी मी त्याच्यावर झाकण ठेवलंसुद्धा. पण तो आला होता. चूक अजाणता झाली हे खरं, आणि त्या चुकीचं फळ मला गोड लागलं हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. अनघा दारात आली.

"अहो, चूक तुमची, रुसलात तुम्ही, आणि चहा तिनं करायचा?"

मी उठलो आणि चहा केला. आलं जास्त पडलं. केतकीनं तो पिताना ठसका लागल्याचं लपवलं. मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाकडून काढून घे. माझा हात या कामाचा नाही."

"हात चांगलाच आहे," ती म्हणाली. "तो थांबत नाही एवढंच."

मॅडमनी आठ दिवसांसाठी सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला. तो जेवणाच्या टेबलावर बसला, शेजारी माझा बोर्ड. आम्ही हातात ताट घेऊन जेवायला लागलो. केतकी डोळा लावून पंखावरून शिरेशिरेनं पुढं जायची आणि बोलायची. मी तिच्या बोलण्यामागून पेन न्यायचो. फोटो नुसता अंदाजाला. "कडेनं चला. जाड. अजून जाड. थांबा. इथं थांबा. आता उचला."

पेन उचलणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. समोर अवघा पाव इंच कोरा कागद, पलीकडं त्याच शिरेचं दुसरं टोक, आणि मधल्या रिकाम्या जागेत जशुभाई वाफ काढत उभे. पहिल्या दिवशी माझा हात तीनदा घसरून पलीकडे गेला. तीनदा ब्लेडनं शाई खरवडली. एकदा कागदच फाटला. केतकी चिडली नाही. लहानपणी तिला मी सायकल शिकवली तेव्हा मात्र मी कमाटीबागेच्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत ओरडत गेलो होतो. माणसाला आपल्या मुलांकडून कितीतरी न मागितलेली माफी मिळत असते.

तिसऱ्या दिवशी हात थांबायला लागला. पाचव्या दिवशी मला त्या थांबण्यात गंमत वाटायला लागली. रेघ कुठं संपते हे आपण ठरवायचं नाही, ज्याची रेघ आहे त्यानं ठरवलेलं असतं. आपण डोळे उघडे ठेवायचे. हे मला छप्पन्नाव्या वर्षी एका चिलटाकडून कळावं, हे आमच्या घराण्याच्या उताराला धरूनच झालं. आता रस्त्यानं जाताना डोळ्यांपुढं चिलट आलं की मी हातानं हाकलतो, पण हाकलता हाकलता मनात म्हणतो, एक फट.

सातव्या दिवशी दुपारी तीन पंख उरले होते. आदल्या संध्याकाळी मॅडम येऊन झालेल्या चित्रांवर वही चालवून गेल्या होत्या. प्रत्येक माशी आपापल्या घरी पोचली, आणि त्या "बराबर" एवढंच म्हणून शेवेचा पुडा ठेवून गेल्या. आता तारीख चुकणार नव्हती. केतकी जाणार होती. हे आम्हां दोघांनाही कळलेलं होतं आणि दोघंही पंखाबद्दलच बोलत होतो. अनघा आत झोपली होती. बदामाचं एक पिकलं लाल पान खिडकीच्या गजात अडकून वाऱ्यावर टकटक करत होतं. केतकी डोळा लावून बसलेली, केस पेन्सिलनं वर खोचलेले, मानेवर घामाचे बारीक थेंब. मी कडेच्या शिरेवर पेन टेकवलं.

"केतकी."

"हं. चला पुढं. जाड."

"त्या दिवशी पुलावर तू म्हणालीस ना, तारीख चुकेल म्हणून."

"हं."

"तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं."

पेन चालत राहिलं. तिचा डोळा काचेवरून हलला नाही. तिनं डावा हात टेबलावरून सरकवत आणला आणि माझ्या मनगटावर ठेवला, रेघ हलणार नाही इतका हलका.

"माहीत आहे," ती म्हणाली. "इथं थांबा, बाबा. आता उचला."

मी उचललं.